जुन्या रेकॉर्ड जमवायच्यात? मग आधी लेबल वाचायला शिका

घरात माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्डचा गठ्ठा सापडला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, याचे किती येतील? खरं सांगायचं तर बहुतेक वेळा फार नाही येत. पण त्याच गठ्ठ्यातून गाणं ऐकायचा जो एक रस्ता सुरू होतो तो अॅपवर प्लेलिस्ट लावून सापडत नाही, आणि तो सापडायला पैशापेक्षा लेबल (रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद) वाचायची सवय जास्त कामाला येते. हा लेख आपल्याकडच्या म्हणजे मराठी, हिंदुस्थानी संगीत, नाट्यगीत, भावगीत, जुनं फिल्मी अशा रेकॉर्डबद्दल आहे. इंग्लिश रॉक जमवणाऱ्यांसाठी नेटवर ढीगभर लिहिलेलं आहे, आपल्यावर फारसं कुणी लिहीत नाही म्हणून जरा लांबवतोय.

आधी हातात काय आहे ते ओळखा

सगळ्या काळ्या गोल वस्तू सारख्या नसतात. जाड, जड, साधारण १० इंची आणि पडली की फुटणारी ती ७८ आरपीएमची (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे), लाखेची रेकॉर्ड. लाख म्हणजे आपली झाडावरच्या किड्याची लाख, तीच, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी घालून बनवलेली. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, १२ इंची असेल तर चार-साडेचार. खयाल गाणाऱ्या लोकांनी एवढ्या वेळात राग कसा बसवला हे ऐकणं हा या छंदातला सगळ्यात मोठा आनंद आहे असं माझं मत.

७ इंची छोटी ती ईपी, ४५ आरपीएम, बहुतेक वेळा चार गाणी. मोठी १२ इंची पातळ ती एलपी, ३३⅓ आरपीएम, बाजूला वीस-बावीस मिनिटं. ईपी आणि एलपी व्हिनाइलच्या असतात, वाकतात पण सहज फुटत नाहीत. एक गंमत म्हणजे बाहेरच्या देशांत ७८ बंद होत आल्या तरी आपल्याकडे त्या साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत निघत होत्या, कारण गावोगाव चावीचे ग्रामोफोन चालू होते. त्यामुळेच बीटल्सच्या ७८ आरपीएम रेकॉर्ड भारतात छापल्या गेल्या आणि आज जगभरचे बीटल्सवाले त्यांच्यासाठी वेडे होतात. तेव्हा गठ्ठ्यात पार्लोफोनचं (बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी) लेबल असलेली ७८ दिसली तर रद्दीवाल्याला देऊ नका.

काय जमवायचं? एक धागा धरा

जे दिसेल ते घेत सुटलात तर वर्षभरात घरात पाय ठेवायला जागा राहत नाही आणि ऐकणं होतच नाही. 'रेअर आहे' म्हणून घेणं तर त्याहून वाईट, कारण विकणाऱ्याच्या तोंडी प्रत्येकच रेकॉर्ड रेअर असते. त्यापेक्षा एक धागा धरायचा आणि तो जिथे नेईल तिथे जायचं.

किराणा घराण्याचा, म्हणजे खयाल गायकीतल्या एका परंपरेचा, धागा घ्या, पुण्या-मुंबईच्या बाजारात तो सहज सापडतो. सुरुवात अब्दुल करीम खाँपासून. त्यांच्या १९३४ नंतरच्या, म्हणजे शेवटच्या तीनेक वर्षांतल्या ओडियन कंपनीच्या ७८ आहेत आणि त्यावरूनच पुढे एलपी निघाल्या, त्यामुळे मूळ नाही मिळाली तरी एलपी मिळते. तिथून एक फाटा त्यांच्या मुलांकडे जातो, हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सरस्वती राणे. हिराबाईंच्या ७८ घेता घेता तुम्ही आपोआप नाट्यगीत आणि भावगीतात शिरता कारण त्यांनी तेही भरपूर गायलंय. सुरेशबाबूंकडून वसंतराव देशपांडे आणि प्रभा अत्रे, म्हणजे तुम्ही थेट एलपीच्या काळात आलात. दुसरा फाटा शिष्यांकडे, सवाई गंधर्व, आणि त्यांच्याकडून गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेन जोशी.

आता यात लेबल कुठे आलं तर इथे. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर गंगूबाई हनगल असं नावच नाही, तिथे 'गांधारी' असतं, हुबळीची गांधारी. हे माहीत नसेल तर ती रेकॉर्ड तुमच्या हातातून जाते. आणि त्यांचा तेव्हाचा आवाज पातळ, उंच, आपण ज्या भारदस्त आवाजाला ओळखतो तो नंतरचा, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणारा गोंधळतोच. याच गांधारींनी जी. एन. जोशींबरोबर मराठी भावगीतांची द्वंद्वगीतं गायलीत. आणि जी. एन. जोशी म्हणजे नुसते भावगीत गायक नाहीत, ते पुढे कितीतरी वर्षं एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत रेकॉर्डिंग बघत होते आणि शास्त्रीयवाल्या कितीतरी मोठ्या लोकांना स्टुडिओत आणून बसवायचं काम त्यांनी केलं. म्हणजे तुम्ही खयालाच्या मागे निघालात आणि भावगीतातून फिरून परत खयालाला आलात. मला विचाराल तर नवीन संगीत सापडतं ते असंच, एका लेबलवरच्या दुसऱ्या नावाच्या मागे जाऊन.

दुसरे धागेही आहेत. एकाच नाटकाची पदं वेगवेगळ्या गायकांच्या आवाजात, एकच राग पण पंधरा जणांचा, एकच तबलजी किंवा सारंगिया (एलपीच्या मागच्या कव्हरवर साथीदारांची नावं बारीक अक्षरात असतात, ती वाचायचीच), एखादा संगीतकार, किंवा एखादी कंपनी, म्हणजे मुंबईत यंग इंडिया नावाने रेकॉर्ड काढणारी देशी कंपनी. गोव्याकडचे असाल तर ख्रिस पेरी आणि लॉर्नाच्या कोकणी रेकॉर्ड, त्यातला जॅझचा बाज आणि ब्रासचा आवाज प्लेअरवर फार मजा देतो. आणि गोव्याचाच विषय निघाला तर केरीच्या केसरबाई केरकर. त्यांची एक भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी रेकॉर्डवर गेली. ती रेकॉर्ड १६⅔ आरपीएमची आहे, त्यामुळे हल्लीच्या बहुतेक प्लेअरवर ती नीट वाजणार नाही, यान परत आलं तरी.

कुठे शोधायचं

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. मुंबईत चोर बाजार, मटन स्ट्रीटच्या आसपास, शुक्रवारी रस्त्यावर जास्त माल येतो. फोर्टातल्या फुटपाथवर पुस्तकांबरोबर कधीकधी ढीग दिसतो. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ ला बंद झालं, ते आता फक्त आठवणीत. कोलकात्याला गेलात तर फ्री स्कूल स्ट्रीट चुकवू नका. पण खरा माल अजूनही घरांतून निघतो. वाडा पाडून बिल्डिंग होतेय, आजोबा गेले, जागा रिकामी करायचीय, अशा वेळी रद्दीवाल्याकडे गठ्ठेच्या गठ्ठे येतात म्हणून आपल्या भागातल्या दोन-तीन रद्दीवाल्यांना सांगून ठेवायचं आणि नंबर देऊन ठेवायचा. नातेवाईकांत पण सांगून ठेवा, एखाद्या मावशीकडे ट्रंक निघतेच.

मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे, या छंदातली जाणकार मंडळी तिच्याभोवती जमलेली. अशा मंडळींच्या सोबत बसून ऐकण्यात जे शिकायला मिळतं ते बाजारात दहा वर्षं फिरून मिळत नाही. घ्यायच्या आधी ऐकून बघायचं असेल तर इंटरनेट आर्काइव्ह आणि आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक या साइटवर जुन्या ७८ भरपूर आहेत. मराठी गाण्याचा कवी-संगीतकार शोधायला 'आठवणीतली गाणी'. डिस्कॉग्ज या जगभरच्या रेकॉर्डची यादी ठेवणाऱ्या साइटवर भारतीय रेकॉर्डच्या नोंदी वाढल्यात पण मराठीच्या अजून अर्धवट, नावांची स्पेलिंगं तर विचारूच नका.

हातात घेऊन कशी तपासायची

मोबाइलचा टॉर्च लावा आणि रेकॉर्ड तिरपी धरा. सरळ धरली तर सगळ्याच चकचकीत दिसतात. चरा दिसला तर त्यावरून नख हळूच फिरवा, नखाला लागला तर वाजताना टक-टक येणार, नाही लागला तर बहुतेक वेळा चालून जातं. खाचा राखाडी, पांढरट दिसत असतील तर ती जड सुईने झिजलेली आहे आणि त्याला इलाज नाही, धुऊन फरक पडत नाही. पांढरे ठिपके मात्र बुरशीचे असू शकतात, ते धुतल्यावर बऱ्याचदा जातात, म्हणून बुरशीवाली रेकॉर्ड स्वस्तात मिळत असेल तर बिनधास्त घ्या.

मधल्या भोकाभोवती लेबलवर रेघोट्या असतील तर ती खूप वेळा लावली गेलीय. मग डोळ्याच्या पातळीला धरून कडेने बघा, वाकलेली असेल तर लगेच कळतं. ७८ असेल तर एका बोटावर तोलून दुसऱ्या हाताने हलकेच टिचकी मारा, आवाज खणखणीत आला पाहिजे, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे, दिसत नसला तरी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कव्हरमधून रेकॉर्ड बाहेर काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कव्हर एकाचं आणि आत रेकॉर्ड दुसऱ्याची, हे जुन्या बाजारात रोजचं आहे, कुणी मुद्दाम करतं असंही नाही, ढिगात होतंच ते. गीतरामायणासारखे अनेक भागांचे संच घेताना तर प्रत्येक भाग उघडून नंबर जुळवायचा.

नेटवरून घेताना 'निअर मिंट' (जवळजवळ नवी), 'व्हीजी प्लस', 'व्हीजी' (व्हेरी गुड) अशा अवस्थेच्या ग्रेड लिहिलेल्या असतात. आपल्याकडचे बरेच विक्रेते ग्रेड एक पायरी वर लावतात असं गृहीत धरा, आणि 'गुड' लिहिलं असेल तर ती वाईटच आहे असं समजा. वाजवतानाचा व्हिडिओ मागा, देणारे देतात.

प्लेअर

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त नवीन प्लेअर मिळतात, दिसायला गोड, पण आर्मचं, म्हणजे सुईच्या दांड्याचं, वजन जास्त आणि ते कमी करायची सोय नसते. चांगल्या रेकॉर्ड त्यावर लावू नका एवढंच सांगतो.

एचएमव्हीचे जुने फिएस्टा, कॅलिप्सो वगैरे बाजारात अजून मिळतात, दुरुस्त करणारे पण आहेत, आवाजात एक ऊब असते. पण त्यातही जुन्या पद्धतीचं सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या थरथरीचा आवाज करणारा भाग) आणि जड आर्म, तेव्हा सुई नवीन टाकून घ्या आणि भारी रेकॉर्ड त्यावर घासू नका.

नवीन घ्यायचा तर तीन गोष्टी बघायच्या. एक, सुईचं वजन ॲडजस्ट करता येतं का (मूव्हिंग मॅग्नेट या आजच्या नेहमीच्या प्रकारच्या कार्ट्रिजला साधारण दीड ते दोन ग्रॅम). दोन, कार्ट्रिज बदलता येतं का. तीन, ७८ चा स्पीड आहे का, कारण बऱ्याच चांगल्या प्लेअरना तो नसतोच. ऑडिओ टेक्निकाच्या एलपी १२० सारख्या प्लेअरला तिन्ही स्पीड आहेत आणि फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) आतच आहे, म्हणजे साध्या ॲम्प्लिफायरला जोडता येतो.

७८ साठी वेगळी सुई लागते, इथे काटकसर नको. एलपीची खाच बारीक, सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं. ७८ ची खाच रुंद, तिला साधारण ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. एलपीची सुई ७८ वर लावली की ती खाचेच्या तळाशी घरंगळते आणि नुसती खरखर ऐकू येते. उलट केलंत तर एलपी संपली. आणि चावीच्या ग्रामोफोनवर, ज्यात स्टीलची पिन असते, त्यावर एलपी-ईपी कधीही लावायची नाही, पाहुण्यांना गंमत दाखवायला सुद्धा नाही. त्यावर ७८ लावाल तर दर बाजूला नवीन पिन, तेव्हाचा नियम तोच होता.

अमेरिकेत राहणारा भाचा किंवा बहीण जुना प्लेअर घेऊन येणार असेल तर आधी मोटर विचारा. तिथली वीज १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्टेज जुळतं पण हर्ट्झ जुळत नाही, आणि जुन्या एसी सिंक्रोनस मोटरचा वेग हर्ट्झवर असतो, त्यामुळे रेकॉर्ड एक षष्ठांश हळू फिरते आणि लताबाई वेगळ्याच पट्टीत गाऊ लागतात. ॲडॅप्टरवर चालणारा डीसी मोटरचा प्लेअर असेल तर ही भानगड नाही.

धुणं

व्हिनाइलला डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल गोल. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने परत, आणि उभी करून वाळवायची. नळाचं पाणी शेवटी वापरू नका, क्षार खाचेत बसतात. लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. हट्टी मळ असेल तर पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं.

पण ७८ ला अल्कोहोल अजिबात नाही! लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, तुम्ही मळाबरोबर गाणं पण पुसून टाकाल. ७८ ला साधं पाणी, साबणाचा थेंब, झटपट धुवायची आणि लगेच पुसायची, तडा असलेली असेल तर नुसत्या ओलसर कापडाने. कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी हा कार्यक्रम पावसाळ्यात करू नये, वाळतच नाही नीट आणि परत बुरशी.

ठेवणं

पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या, सरळ, कललेल्या नाहीत. एकावर एक थप्पी केली की खालच्या वाकतात, ७८ असतील तर चिरतात. एक फूट एलपीच्या रांगेचं वजन १५-२० किलो सहज होतं, त्यामुळे प्लायची फळी मधोमध वाकणार, आधार द्या. भिंतीला ओल असेल तर कपाट चार बोटं पुढे. दुकानातली जाड प्लास्टिकची चिकट कव्हरं असतात ना, ती पीव्हीसीची, काही वर्षांनी रेकॉर्डवर ढगासारखे डाग पाडतात, ती काढून टाका आणि साध्या पॉलिथिनची आतली पिशवी घाला. उन्हात गाडीत ठेवू नका हे सांगायला नकोच.

यादी

बहुतेक लोक यादी 'नंतर करू' म्हणतात आणि पाचशे रेकॉर्ड झाल्यावर हात टेकतात. पहिल्या रेकॉर्डपासून करा. साधी एक्सेल शीट पुरते. रकाने असे ठेवा: कंपनी, कॅटलॉग नंबर, मॅट्रिक्स नंबर, दोन्ही बाजूंची गाणी वेगवेगळ्या ओळीत, गायक, कवी, संगीतकार, राग-ताल, नाटक किंवा सिनेमा, साथीदार, अवस्था, कुठून घेतली, कितीला.

कॅटलॉग नंबर लेबलवर असतो आणि त्यातली अक्षरं बरंच सांगतात. एचएमव्हीच्या एलपीवर ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टीरिओ. ७ईपीई म्हणजे ईपी. पॉलिडोर कंपनीची २३९२ ने सुरू होणारी एलपी, २२२१ ने सुरू होणारी ईपी. मॅट्रिक्स नंबर वेगळा, तो लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला असतो, प्रत्येक बाजूचा वेगळा, आणि चुकीचं लेबल चिकटलेली रेकॉर्ड ओळखायची असेल तर तोच कामाला येतो. ७८ वर साल नसतं. सत्तरीनंतरच्या एलपीवर गोलातल्या पी पुढे साल असतं. बाकी ठिकाणी साल अंदाजाने टाकू नका, रकाना रिकामा ठेवा. खूप जुन्या रेकॉर्डवर हॅनोव्हर दिसलं तर ती जर्मनीत छापलेली, कारण ग्रामोफोन कंपनीचा (एचएमव्ही तिचीच) कारखाना कलकत्त्यात १९०८ ला आला, त्याआधी इथे फक्त गाणं रेकॉर्ड व्हायचं आणि छपाई तिकडे. गौहर जानचं १९०२ चं रेकॉर्डिंग तसंच. त्या काळातले कलाकार शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगतात, ते ऐकून यादीत नाव टाकता येतं. त्या वेळच्या सगळ्या काही बरोबर ७८ च्या वेगाने कापलेल्या नाहीत, आवाज चिरका वाटला तर पिच, म्हणजे फिरण्याचा वेग, थोडी कमी करून बघा.

नावांसाठी एक वेगळी शीट करा, फार उपयोग होतो. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व, नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व, गांधारी म्हणजे गंगूबाई. इंग्लिश स्पेलिंग लेबलवर असेल तसंच एका रकान्यात आणि देवनागरीत एकच ठरलेलं नाव दुसऱ्या रकान्यात. हिराबाईंचं आडनावच लेबलांवर तऱ्हेतऱ्हेने लिहिलेलं सापडेल, शोधताना देवनागरी रकाना वाचवतो.

कपाटात लावायची पद्धत यादीपेक्षा वेगळी असू शकते. ७८ कंपनी आणि नंबरप्रमाणे, कारण एका रेकॉर्डवर दोन बाजूंना कधी दोन वेगळे गायक असतात. एलपी आधी प्रकार, मग गायक. ईपी वेगळ्या खोक्यात. नंबर टाकायचा तर कागदी पाकिटावर पेन्सिलने, लेबलवर स्टिकर चिकटवणाऱ्यांना माझा रामराम.

कॉम्प्युटरवर घेणं

ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, २४ बिट वॅव्ह फाइल करा. खरखर काढायचं फिल्टर मारण्याआधी मूळ फाइल तशीच्या तशी वेगळी ठेवा. प्लेअरला ७८ चा स्पीड नसेल तरी ७८ ची सुई लावून ४५ वर वाजवून रेकॉर्ड करता येते, नंतर सॉफ्टवेअरमध्ये वेग ७८ करायचा. यूट्यूबवर टाकायचा मोह होतो, तेव्हा एवढं लक्षात ठेवा की आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, आणि कवी-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे रेकॉर्ड मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं असेलच असं नाही.

डुप्लिकेट झालेल्या रेकॉर्ड विकण्यापेक्षा बदलून घ्या. यादी दोघांकडे असेल तर काम फोनवर होतं, तुमच्याकडे हिराबाईंची दोन आणि समोरच्याकडे सुरेशबाबूंची दोन असं जुळून येतं, पैसे मध्ये येत नाहीत. फक्त द्यायच्या आधी दोन्ही प्रती वाजवून बघा आणि मॅट्रिक्स नंबर जुळवा, कॅटलॉग नंबर एकच असून कधीकधी टेक, म्हणजे त्याच गाण्याचं रेकॉर्डिंग, वेगळा निघतो आणि मग ती डुप्लिकेट नसतेच.